पिटुकली वर आली

दौंडच्या टॉकीजात पिक्चर संपला, दिवे लागले, माणसं पायांनी चपला चाचपत उठली, तरी म्हाळसा काही खुर्ची सोडेना. डोअरकीपरनं दोनदा हटकलं. पुढच्या खेळाची माणसं बाहेर उन्हात उभी आहेत, असंही सांगून पाहिलं. म्हाळसानं त्याच्याकडे ढुंकूनही न बघता रिकाम्या पडद्याकडे बोट केलं.

"पोरगी कुठंय?"

"कोणची पोरगी?"

"धाकटी. तळ्यात उतरलेली. ती वर आली न्हाई अजून."

डोअरकीपर बिचारा पडद्यामागं जाऊन बघावं की काय अशा तोंडानं उभा राहिला. बरोबरच्या बायका, तानुबाई आणि बयाबाई, दोन खुर्च्या सोडून पदर सावरत उभ्या होत्या. म्हाळसाच्या भावाची लेक मोनिका, दहावी पास, शरमेनं अर्धी झाली होती. "आत्ती, चल की. लोकं बघत्यात," असं ती हळूच म्हणाली. पण म्हाळसाला राग आला की लोक बघतात याचंच बळ चढत असे. वरवंडच्या शेंगांच्या वखारीतला मुकादमसुद्धा तिच्याशी बोलण्याआधी घसा साफ करून घ्यायचा.

आणि हा राग साधासुधा नव्हता. पिक्चरवाल्यांनी तिच्या डोळ्यांदेखत पिटुकली बुडवली होती.

पिटुकली कोण, हे वरवंडच्या त्या वखारीत कुणालाही विचारावं. उन्हाळ्यात तिथं बियाण्याच्या शेंगा फोडायचं काम चालतं. यंत्रात घातल्या तर दाण्याची लाल साल निघते आणि तो दाणा रानात रुजत नाही. म्हणून बियाण्याच्या शेंगा बायकांनीच अंगठ्यानं फोडायच्या. जिनं जितक्या पाट्या भरल्या तितकी तिची मजुरी. दिवसभर नुसता कट्कट् आवाज, आणि बोलून बोलून संपलेल्या गोष्टी.

त्या वखारीत वाचता येणारी एकच होती, शहाबानो. शिरूरची लेक, सातवी शिकलेली, हायवेवर ट्रकांत माल भरून देणाऱ्या अनिसशी लग्न होऊन वरवंडात आलेली. शाळेत बक्षीस मिळालेलं 'नऊ दिव्यांचा डोंगर' नावाचं जाडजूड पुस्तक तिनं सासरी आणलं होतं. एका उन्हाळ्यात तिनं ते वखारीत वाचायला घेतलं. वाचणारीचे हात पुस्तकात अडकलेले, मग तिची पाटी भरणार कोण? पहिल्या दिवशी तानुबाईनं आपल्या पाटीतले ओंजळभर शेंगदाणे तिच्या पाटीत टाकले. तिचं बघून बाकीच्यांनी टाकले. तेव्हापासून रीतच पडली. वाचणारीची पाटी ऐकणारणींनी भरायची. मुकादमाला काय, पाटी भरल्याशी मतलब.

आणि पुस्तक तरी कसं. डोंगरावर नऊ दिवे, ते जळतात तोवर खाली राज्यात पाऊस पडतो. काळोख्या राक्षस एकेक दिवा विझवत चाललेला. वनजा आणि पिटुकली या दोघी बहिणी ते दिवे पुन्हा लावायला निघतात, आणि त्यांच्याबरोबर असतो एकशिंग्या, उडणारा काळा मेंढा. मेंढा म्हटल्यावर म्हाळसा तिथंच पुस्तकाला वश झाली. तिच्या आज्याची सबंध हयात मेंढरांमागं गेली होती. घोड्यावरून उडणारे राजपुत्र तिनं पुष्कळ ऐकले होते. मेंढ्याला पंख देणारा माणूस तिला पहिल्यांदाच भेटला. "ह्यो लिवणारा आपल्यातलाच असंल," असं तिनं छातीठोकपणे सांगूनसुद्धा टाकलं.

त्याच उन्हाळ्यात तिची बायडी गेली. नऊ वर्षांची पोर. कॅनॉलला पाणी सुटलं होतं, आणि कडेला घसरलेलं कोकरू धरायला ती उतरली. कोकरू वर आलं.

ही बायडी शाळा सुटली की वखारीच्या दारात येऊन उभी राहायची आणि साऱ्या बायकांना ऐकू जाईल असं ओरडायची, "आये, भूक लागली." ते ऐकायची सगळ्यांना सवय होती. ती गेल्यावर त्या वेळेला दाराकडे बघायचं नाही, असं बायकांनी न ठरवताच ठरवलं.

दिवस-पाणी उरकून म्हाळसा कामावर आली, तेव्हा पुस्तक शेवटाला आलं होतं. बायका म्हणाल्या, राहू दे वाचायचं. म्हाळसा म्हणाली, "माझ्यापायी थांबवू नका." शहाबानोनं वाचायला घेतलं. नववा दिवा काळ्या तळ्याच्या तळाशी होता, आणि तो लावायला धाकटी पिटुकली पाण्यात उतरली. तिथं शहाबानो थांबली. तांब्या तोंडाला लावला, घटाघटा पाणी प्याली, पान उलटलं आणि पुढचं वाचलं:

"सकाळ झाली. तळ्याचं पाणी हललं. पिटुकली वर आली. केस ओले, हातात दिवा. ती म्हणाली, तायडे, भूक लागली."

म्हाळसा तोवर रडली नव्हती. त्या दिवशी शेंगांच्या ढिगावर डोकं टेकून ती रडली, आणि संध्याकाळी घरी जाऊन पहिल्यांदा पोटभर जेवली. आपल्या बायडीचं बोलणं छापील पुस्तकात आधीच कसं काय लिहून ठेवलेलं, याचं नवल तिनं वरवंडात ज्याला त्याला सांगितलं. पुढं दर उन्हाळ्यात, दुसरं काहीही वाचलं तरी हंगाम संपताना ते शेवटचं पान व्हायचंच. म्हाळसाला ते पाठ होतं. तरी ती ऐकायची.

दहा वर्षं अशी गेली आणि दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात पिक्चरची रिक्षा भोंगा वाजवत वरवंडातून गेली. 'नऊ दिव्यांचा डोंगर', आता पडद्यावर. वखारीत नुसता कल्ला झाला. सगळ्यांनी मिळून एक दिवस सुटी मागितली. फक्त शहाबानो म्हणाली, "माझं डोळं दुखत्यात. पडद्याकडं बघवायचं न्हाई." म्हाळसाला वाईट वाटलं. जिच्या तोंडून ऐकलं तीच नाही म्हणजे काय.

आता पिक्चरवाल्यांनी काय दिवे लावले ते ऐका. एकशिंग्या मेंढ्याचा त्यांनी घोडा केला. पांढराशुभ्र, मानेला झालर लावलेला, लग्नाच्या वरातीतून सुटून आल्यासारखा. वनजेला बर्फात नाचवली, तेही उघड्या पोटानं. काळोख्या राक्षसाला विनोदी केला. बायका खुर्चीत चुळबुळ करायला लागल्या. तानुबाईनं "मेंढा कुठंय, मेंढा?" असं इतक्यांदा विचारलं की पुढच्या रांगेतल्या माणसानं मागं वळून बघितलं. म्हाळसानं मात्र सगळं पोटात घातलं. घोडासुद्धा घातला. ती शेवटाची वाट बघत होती. आपण दहा वर्षं कानांनी पाहिलेलं आज डोळ्यांनी बघायचं, म्हणून तिनं पदर नीट घेतला, पाय खाली सोडले. पिटुकली तळ्यात उतरली. दिवा लागला. वनजा काठावर रडली, आकाशातून फुलं पडली, आणि पडद्यावर नावं धावायला लागली.

म्हणून म्हाळसा बसून होती.

शेवटी तिला मॅनेजरच्या केबिनमध्ये नेलं. मॅनेजर अजीम, पस्तिशीचा, सज्जन माणूस, दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेला. प्रकरण तिकिटाचं आहे अशी त्याची समजूत झाली.

"मावशी, पिक्चर आवडला न्हाई तर पैशे देतो माघारी. बसा, पाणी घ्या."

"पैशे नकोत मला. पोरगी वर काढ."

"आवो, रिळं पुण्यावरनं येत्यात. मी त्यात कुठनं हात घालू? आन् पुस्तकात असंल तसंच दावलं असंल की त्यांनी."

"तू वाचलंया पुस्तक?"

"न्हाई."

"मंग गप बस. मी धा साल ऐकतीया. पुस्तकात पोरगी वर येती. मेंढ्याचं घोडं केलं, मी काय बोलले न्हाई. पर चांगली जित्ती पोर मारायची, आन् वरनं फुलं टाकायची? त्येंच्या घरात पोरीबाळी न्हाईत का?"

अजीमनं डोकं खाजवलं. मग सुटका करून घ्यायला म्हणाला, "असं करा. पुस्तक आणा. त्यात तसं असंल, तर भायेर पाटीवर मी सोता मोठ्या अक्षरात लिवतो की पुस्तकात पोरगी जगती. बेस्तरवारपतूर पिक्चर हाय. शुक्रवारी उतरंल."

"लिवशील?"

"जबान दिली."

म्हाळसा उठली. दौंडच्या भर चौकात, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असं लिहिलेलं असणार होतं की पोरगी वर आली. तिला दुसरं काही नको होतं.

शहाबानोच्या घराचा पत्रा पावसाळ्यात गळायचा, म्हणून पुस्तक ती दर वर्षी शिरूरला माहेरच्या ट्रंकेत ठेवून यायची आणि उन्हाळ्यात पुन्हा आणायची. या साली तिचं जाणं झालं नव्हतं. म्हाळसानं सगळी हकीकत तावातावानं सांगितली. शहाबानो चुलीपुढं बसून ऐकत होती. तिला राग आलेला दिसेना, याचाच म्हाळसाला जास्त राग आला.

"तुझं पुस्तक हाय आन् तुला काईच वाटंना?"

"पिक्चर हाय त्यो, म्हाळसा. चार दिसांनी जाईल. कशाला येवढ्या उन्हाचं शिरूरला जातीस?"

"जाणार."

"जाऊ नको." शहाबानो फुंकणी खाली ठेवून म्हणाली. "माझं ऐक. जाऊ नको."

भित्री आहे, म्हाळसाच्या मनात आलं. शिकलेली माणसं अशीच, ऐन वेळेला शेपूट घालतात. आणि ती मोनिकाला घेऊन निघाली.

चौफुल्याला गाडी बदलून न्हावऱ्यावरून शिरूर गाठेपर्यंत मोनिकाचं तोंड उतरलं होतं. एस्टी तिला लागायची. शहाबानोचा भाऊ इक्बाल सायकलचं दुकान बंद करून घरी आला, चहा पाजला, आणि ट्रंकेतून उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं पुस्तक काढून दिलं. "आपाचा जीव हाय यात. संभाळून न्या," एवढंच म्हणाला.

म्हाळसानं अभ्रा बाजूला केला. कव्हरवर काळा मेंढा होता. एकच शिंग, पंख पसरलेले. "बघ," ती मोनिकाला म्हणाली, "हाय का न्हाई मेंढा? घोडं म्हणं." मोनिका शेवटचं पान उघडून बघणार, तोच म्हाळसानं पुस्तक पुन्हा गुंडाळलं. "आत्ता न्हाई. तितंच उघडायचं, त्येच्या तोंडावर." दौंडपर्यंत तिनं ते मांडीवर असं धरलं होतं की कंडक्टरनं आत पोर झोपलंय असं समजून आवाज हळू केला.

बेस्तरवार होता. तानुबाई आणि बयाबाई वरवंडहून परस्पर येऊन टॉकीजच्या दारात थांबल्या होत्या. अजीमनं शब्द राखला. टेबलावर खडूचा डबासुद्धा काढून ठेवला होता. मोनिका खुर्चीत बसली, शेवटचं पान काढलं आणि शाळेत वाचायची तशा खणखणीत आवाजात सुरू केलं.

"पिटुकली जललहरींमध्ये अदृश्य झाली. वनजेने सूर्योदयापर्यंत प्रतीक्षा केली. सरोवराच्या गर्भातून नववा दीप प्रज्वलित झाला, आणि..."

मोनिकाचा आवाज गेला.

"वाच की," म्हाळसा म्हणाली.

"आत्ती."

"वाच."

"आणि त्याचा प्रकाश दशदिशांत पसरला. परंतु पिटुकली पुन्हा कधीही कोणाच्या दृष्टीस पडली नाही."

"पुढं?"

"पुढं समाप्त हाय."

"पान चिकटलं असंल. नख घालून बघ."

मोनिकानं नख घालून बघितलं. तानुबाईनं पुस्तक उलटं करून झटकलं. अजीमनं ते हातात घेऊन स्वतः शेवटचा परिच्छेद वाचला आणि टेबलावर हळूच ठेवलं. तो हसला नाही, हे त्याच्या बाजूनं नमूद करायला हवं. पण गप्प बसायचं तेही त्याला जमलं नाही.

"म्हंजी मावशी, पिक्चर पुस्तकापरमानंच हाय."

म्हाळसानं पुस्तक उचललं, अभ्र्यात घातलं आणि ती बाहेर पडली. खडूचा डबा तसाच राहिला.

वरवंडच्या वाटेवर ती बोलली नाही. ती बोलत नाही म्हणून बयाबाईला धडकी भरली होती. म्हाळसाच्या डोक्यात तेच शब्द फिरत होते. जललहरी, प्रतीक्षा, सरोवर. सबंध पुस्तकात सगळी माणसं अशीच बोलत होती, कडक इस्त्रीची. वनजा पिटुकलीला भगिनी म्हणायची. मग त्या पुस्तकात 'तायडे, भूक लागली' हे कुठून येणार होतं? दहा वर्षं आपण नवल करत राहिलो, गावभर सांगत सुटलो, आणि ते वाक्य वखारीच्या दारातून उचलून आपल्यालाच परत दिलेलं होतं. तिला आधी लाज वाटली. मग राग आला, आणि तो थेट शहाबानोचा आला.

दुसऱ्या दिवशी वखारीत सगळ्या होत्या. शहाबानो आपल्या जागी बसून खाली मान घालून शेंगा फोडत होती. म्हाळसानं पुस्तक तिच्यापुढं आदळलं.

"धा साल खोटं वाचलंस."

हातांचे आवाज बंद झाले.

"व्हय," शहाबानो म्हणाली.

"समद्यांच्या देखत. आन् मी येड्यावानी गावाला सांगत फिरले की पुस्तकात माझी बायडी बोलती. तू ऐकून घेतलंस. कीव केलीस माझी."

"कीव न्हाई केली." शहाबानोचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. "पान उलटलं आन् पुढचं दिसलं. तू समोर बसलीवतीस. माझी जीभच वळंना. तोंडातून जे आलं ते आलं. मला काय ठावं, तू दर साली तेच वाचाय लावशील? मंग मी घरी म्हणून बघायची. एक सबूद इकडचा तिकडं झाला तर तुला कळंल, म्हणून."

म्हाळसा उभीच होती. खरंच, दहा वर्षांत एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता. केस ओले, हातात दिवा. कधी दिवा आधी आला नाही, कधी केस सुकले नाहीत. कोट्यवधी रुपये ओतून पिक्चर काढणाऱ्यांना एक मेंढा जसाच्या तसा ठेवता आला नाही, आणि ही बाई चुलीपुढं बसून चार वाक्यं दर उन्हाळ्याला घोकत होती.

मग तिच्या रागाला पुन्हा आपली वाट सापडली. ती खाली बसली आणि मांडी घालून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलू लागली.

"मी सांगते कुणाचं चुकलं. त्या लिवणाऱ्याचं चुकलं. दिवा लावायला येवढीशी पोर पाण्यात घातली, आन् भायेर काढायचं त्याला सुचलं न्हाई. कागद संपला व्हता का? आन् पिक्चरवाल्याचं त्याच्यावून चुकलं. मेंढ्याचं घोडं करताना पुस्तकात काय हाय ते बघितलं न्हाई. बाईला बर्फात नाचवताना बघितलं न्हाई. तितं लई हात चालला त्येंचा. आन् एक पोर वर काढायची, तितं म्हणं पुस्तकापरमानं. जे तसंच ठेवायचं ते मोडलं, आन् जे मोडायचं ते तेवढं तसंच ठेवलं. एकालाबी अक्कल न्हाई."

तानुबाईनं नाक पुसलं. मुकादम दारात आला होता. घसा साफ करायचं सोडून तो आल्या पावली परत गेला.

"वाच," म्हाळसा म्हणाली.

शहाबानोनं तिच्याकडे पाहिलं. मग हात पुसले, पुस्तक अभ्र्यातून काढलं आणि शेवटचं पान शोधू लागली.

"मीट ते. त्यात न्हाई."

शहाबानोनं पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. कव्हरवरच्या मेंढ्यावर दोन्ही हात ठेवले आणि वाचायची तशीच, थोडी खाली मान घालून सुरुवात केली.

"सकाळ झाली. तळ्याचं पाणी हललं. पिटुकली वर आली. केस ओले, हातात दिवा."

ती थांबली. दहा वर्षांत पहिल्यांदा तिला पुढचं म्हणवेना.

"तायडे, भूक लागली," म्हाळसानं म्हटलं.

आणि आपल्या पाटीतले ओंजळभर दाणे तिनं शहाबानोच्या पाटीत टाकले.